कानाची मशीन मेडिक्लेममध्ये का बसत नाही? एका वगळलेल्या ओळीचा इतिहास



आजचा लेख आजारापेक्षा बिलाबद्दल जास्त आहे. पण बिलामुळे उपचार राहून गेला तर तोही आरोग्याचाच प्रश्न होतो, म्हणून इथे लिहितो आहे.

बिरसी हे गोंदियाहून दहा-बारा किलोमीटरवरचं गाव. विमानतळामुळे त्याचं नाव आता पुष्कळांना माहीत झालंय. तिथले एक काकाजी रक्तदाबाच्या औषधांसाठी अनेक वर्षांपासून माझ्याकडे येतात. वय ७१. उमेदीची तीस वर्षं राईस मिलमध्ये गेलेली. एकदा त्यांचा मुलगा सोबत आला आणि म्हणाला, "साहेब, बाबा घरात बोलतच नाहीत. आधी वाटलं रागावले आहेत. मग कळलं, त्यांना ऐकूच येत नाही."

खरं सांगायचं तर काकाजींनी याआधी दोनदा कानाचं काढलं होतं. मी "वय झालं काकाजी, व्हायचंच" म्हणून विषय संपवला होता. ही माझी पहिली चूक.

या वेळी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चांगल्या कानातली श्रवणहानी ४८ डेसिबल निघाली, दुसऱ्यात त्याहून जास्त. दोन्ही कानांना डिजिटल श्रवणयंत्र सांगितलं, खर्च ४४ हजार. मुलाने विचारलं, "बाबांची पॉलिसी आहे, क्लेम होईल ना?" मी चिठ्ठी लिहिता लिहिताच म्हणालो, "व्हायला हवा, टाकून बघा." ही दुसरी चूक, आणि ती महागात पडली. घरच्यांनी निम्मे पैसे धान विकून आणि निम्मे सुनेच्या बचत गटातून उचलून मशीन घेतली. दीड महिन्याने कंपनीचं पत्र आलं: श्रवणयंत्राचा खर्च पॉलिसीत समाविष्ट नाही.

मुलगा पत्र घेऊन माझ्यासमोर बसला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी माझी स्वतःची पॉलिसी कपाटातून काढली. वगळलेल्या खर्चांच्या यादीत तीच ओळ होती: चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, श्रवणयंत्र. कितीतरी वर्षं हप्ता भरतोय, पण ती ओळ कधी वाचली नव्हती. ती तिथे कशी आली, याचा शोध घेताना जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

राजाची खुर्ची आणि कर्णा

कमी ऐकू येणारा माणूस कानामागे हात धरतो. माणसाचं पहिलं श्रवणयंत्र तेच. त्यानंतर शिंगं, शंखाच्या आकाराची नळकांडी आणि कर्णे आले. कर्ण्याच्या रुंद तोंडातून आवाज गोळा होतो आणि अरुंद टोकातून कानात जातो. बीथोव्हेनसाठी असे कर्णे मेल्झेल नावाच्या कारागिराने बनवून दिले होते. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये रेन या कारागिराने कर्णे विकण्याचा धंदाच सुरू केला. पोर्तुगालच्या राजा सहाव्या जॉनसाठी १८१९ मध्ये खास खुर्ची तयार झाली. तिचे हात पोकळ होते आणि टोकांना सिंहाची उघडी तोंडं होती. समोरच्याने गुडघे टेकून त्या तोंडात बोलायचं, आवाज नळीतून राजाच्या कानापर्यंत पोहोचायचा. पैसा असेल त्याने ऐकावं, हा नियम तेव्हापासूनचा.

पुढचा टप्पा टेलिफोनचा. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या टेलिफोनच्या तंत्रावरूनच १८९८ च्या सुमारास अमेरिकेत हचिसन यांनी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं. १९२० च्या दशकात व्हॉल्व्हची यंत्रं आली. रेडिओसारखीच, आणि बॅटरीसकट चांगलीच जड. १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि श्रवणयंत्र बनवणाऱ्यांना तो वापरण्यासाठी स्वामित्वशुल्क माफ केलं गेलं. त्यामुळे ट्रान्झिस्टर आपल्या खिशातल्या रेडिओत यायच्या आधी, १९५२-५३ मध्येच, श्रवणयंत्रात आला. पूर्णपणे डिजिटल यंत्रं १९९६ च्या सुमारास बाजारात आली.

यंत्राचा गाभा आजही तोच आहे. माइक आवाज पकडतो, ॲम्प्लिफायर वाढवतो, छोटा स्पीकर कानात सोडतो. डिजिटल यंत्रात मधे एक संगणकी चिप असते. ती तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे जिथे कमी ऐकू येतं तेवढाच भाग वाढवते. म्हणूनच ते दुसऱ्याचं घेऊन लावता येत नाही. किमतीत केवळ वस्तू नसते, तपासणी, यंत्र जुळवणं आणि पुढच्या भेटीही धरलेल्या असतात. साधं पॉकेट यंत्र दोन-तीन हजारांत मिळतं. कानामागचं डिजिटल यंत्र एका कानाला पंधरा-वीस हजारांपासून सुरू होऊन लाखाच्याही वर जातं.

युद्धाने दिलेली शाखा

बिरसीची धावपट्टी १९४० च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. आज तिथून प्रवासी विमानं उडतात, वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. कानांच्या शास्त्राचा इतिहासही त्याच युद्धाशी जोडलेला आहे.

तोफा, रणगाडे आणि विमानांच्या आवाजाने हजारो सैनिक बहिरेपण घेऊन परतले. अमेरिकेत त्यांच्यासाठी खास लष्करी केंद्रं निघाली. पेनसिल्व्हेनियातल्या अशाच एका रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी सैनिकांची श्रवणशक्ती मोजण्याची, यंत्र निवडण्याची आणि ते वापरायला शिकवण्याची पद्धत बसवली. ऑडिओलॉजी ही शाखा त्यातून उभी राहिली. या सैनिकांच्या यंत्राचे पैसे सरकारने दिले. देशाच्या कामात कान गेला, तर देशाने तो भरून द्यायचा, हा साधा हिशोब होता.

राईस मिलमधल्या माणसाचा कानही कामातच जातो. कारखान्यांच्या कायद्यात मोठ्या आवाजामुळे आलेली श्रवणहानी हा नोंद करायचा व्यावसायिक आजार आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो आहे. पण माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकाही मिल कामगाराच्या कानाची नोकरीत असताना तपासणी झालेली मी पाहिली नाही. तपासणी नाही, म्हणून नोंद नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच येत नाही.

१९४८: एकाच वर्षातले दोन निर्णय

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिच्यासोबत 'मेड्रेस्को' नावाचं श्रवणयंत्र आलं. त्याचा आराखडा तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केला होता. दिसायला ओबडधोबड, अंगावर अडकवायचं, बॅटरी वेगळी. पण ज्याला गरज आहे त्याला फुकट. १९५१ मध्ये पैशांची चणचण झाली तेव्हा सरकारने चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावलं. त्यावरून मंत्री अनायरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. श्रवणयंत्र मात्र तेव्हाही मोफतच राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा: त्या देशाने चष्मा आणि श्रवणयंत्र या दोन वस्तू वेगळ्या मानल्या.

त्याच १९४८ मध्ये आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआयचा कायदा झाला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून योजना सुरू झाली. ईएसआयमध्ये श्रवणयंत्रासारखी साधनंही मिळतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेतही यंत्राच्या प्रकारानुसार ठरावीक रकमेपर्यंत खर्च परत मिळतो. म्हणजे 'भारतात श्रवणयंत्राला विमा मिळतच नाही' हे खरं नाही. पगारपत्रक असलेल्याला तो अनेक दशकांपासून मिळतो आहे. शेतकरी, शेतमजूर, घरी बसून विड्या वळणारी बाई, छोटा दुकानदार यांच्यासाठी तेव्हा काही नव्हतं.

ती ओळ आली कुठून?

१९६५ मध्ये अमेरिकेने ज्येष्ठांसाठी मेडिकेअर योजना केली. तिच्या कायद्यातच नेहमीची तपासणी, चष्मे आणि श्रवणयंत्रं वगळलेली होती. योजना आजारपणाच्या मोठ्या, अचानक येणाऱ्या खर्चासाठी होती. चष्मा आणि श्रवणयंत्र या 'ज्याने त्याने घ्यायच्या' किरकोळ वस्तू समजल्या गेल्या.

आपल्याकडे १९७३ मध्ये सामान्य विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. १९८६ मध्ये त्यांनी 'मेडिक्लेम' आणला. त्याची रचना दवाखान्यातल्या खाटेभोवती होती. किमान २४ तास भरती असाल तर खाट, ऑपरेशन, औषधं यांचे पैसे मिळणार. भरती नसाल तर नाही. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र एकाच ओळीत बसले. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या. पॉलिसीची नावं बदलली, माहितीपुस्तिका चकचकीत झाल्या, पण ती ओळ बहुतेक ठिकाणी तशीच पुढे गेली.

सरकारी योजनाही याच वाटेने गेल्या. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये आपल्या गोंदियासह उरलेल्या जिल्ह्यांत आली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. या योजनांनी कितीतरी घरं कर्जात बुडण्यापासून वाचवली, हे मी रोज पाहतो. पण ही सगळी पॅकेजं भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहेत. श्रवणयंत्र ओपीडीत बसवतात. म्हणून काकाजींच्या खिशात पाच लाखांचं कार्ड होतं आणि ४४ हजारांच्या मशीनसाठी बचत गटाचं कर्ज काढावं लागलं.

कंपनीचंही ऐकून घेऊ

विमा चालतो अनिश्चिततेवर. हजार जण हप्ता भरतात, त्यातल्या थोड्यांवर संकट येतं, म्हणून हप्ता परवडतो. साठीनंतर कान कमी होणं मात्र फार जणांच्या वाट्याला येतं. ज्याला यंत्र हवंय तोच पॉलिसी घेईल, पुढच्या वर्षी सोडून देईल, असं कंपन्यांचं म्हणणं. शिवाय वस्तू अंगाबाहेरची, हरवणारी, दर चार-पाच वर्षांनी बदलावी लागणारी.

यात तथ्य आहे. पण मोतीबिंदूही वयानेच येतो आणि तोही जवळपास सगळ्यांना. त्याचं ऑपरेशन आणि आत बसवायची भिंग याला ठरावीक मर्यादेपर्यंत पॉलिसी पैसे देते, कारण ते ऑपरेशन थिएटरमध्ये होतं. म्हणजे खरा फरक वयाचा किंवा गरजेचा नाही. वस्तू शरीराच्या आत गेली की उपचार, बाहेर राहिली की खरेदी, अशी ती रेघ आहे. सीजीएचएसने त्यावर साधा तोडगा काढलाच आहे: कमाल रक्कम ठरवून द्यायची. मेडिक्लेमला तो अशक्य नाही.

आणि श्रवणहानी किरकोळ गोष्ट आहे, ही १९६५ ची समजूतही आता टिकत नाही. मध्यम वयातली श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्यासारखा एक महत्त्वाचा धोका म्हणून लॅन्सेट आयोगाने २०१७ पासून मांडला आहे. जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना श्रवणहानीसाठी पुनर्वसनाची गरज असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात म्हटलं. अमेरिकेनेही २०२२ मध्ये सौम्य ते मध्यम श्रवणहानी असलेल्या प्रौढांसाठी काही यंत्रं चिठ्ठीशिवाय दुकानात विकायला परवानगी दिली. कारण मुख्यतः किमतीचंच होतं.

३५ आणि ६० डेसिबलच्या मधली माणसं

सरकारने आपल्याकडे दुसरी वाट धरली: विमा नाही, वाटप. १९६५ मध्ये म्हैसूरला वाक् आणि श्रवण संस्था झाली. १९७२ मध्ये कानपूरला सहायक साधनं बनवणारी अलिम्को ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९८१ मध्ये अपंगांना साधनं देणारी एडिप योजना आली. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आपल्यातल्या कितीतरी घरांत पहिली मशीन एडिपच्या शिबिरातूनच आली. २०१४ पासून या योजनेत लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठीही लाखांमध्ये मदत मिळू लागली.

पण इथेही एक रेघ आहे. एडिपसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त हानी असेल तरच माणूस त्यात मोडतो. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलच्या वर गेलं की त्याला कामात अडथळा आणणारी हानी म्हणते. आमचे काकाजी ४८ वर. चार माणसांतलं बोलणं त्यांना कळत नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसे बहिरे नाहीत. विम्याच्या दृष्टीने ते आजारी नाहीत. वयोमानाने कान गेलेली बरीचशी माणसं याच मधल्या पट्ट्यात असतात.

मग करायचं काय?

१. आधी कान तपासा. कधी कधी कारण फक्त मळ असतो. एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं कमी झालं, तर ती तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

२. मशीन घेण्याआधी पॉलिसीतली वगळलेल्या खर्चांची यादी वाचा. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, त्यातही ती असते. नवी पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. ओपीडी खर्च देणाऱ्या काही पॉलिसी आणि काही कंपन्यांच्या गट विम्यात श्रवणयंत्र असतं. आहे का, ते लेखी विचारा. तोंडी 'व्हायला हवा' यावर जाऊ नका, मग ते डॉक्टर म्हणाले असले तरी.

३. नोकरीत ईएसआय कापला जात होता का, ते बघा. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. हे माहीतच नसलेले कामगार मला नेहमी भेटतात.

४. दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या वर हानी असेल तर दिव्यांग दाखला काढा आणि एडिपच्या शिबिराची चौकशी समाजकल्याण विभागात करा.

५. त्याहून कमी हानी असलेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्या शिबिरांतही श्रवणयंत्रं दिली जातात. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. डिजिटल मशीन त्यात येत नाही, हे खरं. पण बॅटऱ्यांना आणि दुरुस्तीला हातभार लागतो.

६. ऑनलाइन मिळणारी हजार-पाचशेची 'मशीन' बहुतेक वेळा सगळाच आवाज सारखा वाढवते. ऑडिओग्रामशिवाय ती लावू नका.

काकाजींच्या मुलाने शेवटी मला विचारलं, "मग साहेब, पॉलिसी बंदच करू का?" मी नाही म्हणालो. भरती व्हायची वेळ आली तर तीच उपयोगी पडेल. फक्त ती कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत. काकाजी मशीन रोज लावतात. सुरुवातीला भांड्यांच्या आवाजाने वैतागले होते. दोनदा यंत्र जुळवून घेतल्यावर सवय झाली. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा मुलाला बाहेर बसवून स्वतः माझ्याशी बोलले.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट पटली. ती वगळलेली ओळ वैद्यकशास्त्राने लिहिलेली नाही, माणसांनी त्या त्या काळच्या सोयीने लिहिली. पूर्वीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आणि प्रवेशाच्या वयाची अट यांसारखे नियम विमा नियामकाने २०२४ मध्ये बदललेच. ही ओळही बदलू शकते. त्यासाठी आधी आपण ती वाचायला हवी आणि विमा घेताना तिच्याबद्दल विचारायला हवं.

आज घरी गेल्यावर दोन कामं करा. पॉलिसीची ती यादी काढा. आणि घरातलं वडीलधारं माणूस अलीकडे गप्प गप्प का असतं, तेही बघा.

काळजी घ्या.